चेरेन्कोव्ह म्हणजे सिंटिलेशन नव्हे

न्यूट्रिनो, म्हणजे पदार्थातून बहुधा न आदळता आरपार जाणारा सूक्ष्म कण. त्याची कुठलीही बातमी असो, फोटो ठरलेला: सोनेरी काचगोळ्यांनी मढवलेली प्रचंड टाकी आणि तिच्यात रबरी होडीत बसलेली माणसं. हा जपानचा सुपर-कामिओकांडे, न्यूट्रिनो टिपणारा डिटेक्टर. चीनच्या जुनो डिटेक्टरच्या लेखाखालीही तोच चिकटवतात आणि वर लिहितात, ‘जुनो म्हणजे आणखी मोठा सुपर-कामिओकांडे’. मोठा तर नाहीच. सुपर-कामिओकांडेत ५०,००० टन पाणी आहे, जुनोत २०,००० टन द्रव सिंटिलेटर, म्हणजे भारित कण गेला की प्रकाश देणारा द्रव. आणि मुद्दा आकाराचा नाहीच. दोन्हीकडे फोटोमल्टिप्लायर (ते काचगोळे, म्हणजे मंद प्रकाश टिपणारे संवेदक) प्रकाशच मोजतात, पण तो प्रकाश वेगवेगळ्या कारणाने निर्माण होतो: पाण्यात चेरेन्कोव्ह, सिंटिलेटरमध्ये मुख्यतः सिंटिलेशन.

आधी एक खटकणारं वाक्य बाजूला काढतो: ‘न्यूट्रिनो पाण्यातून जाताना चमकतो.’ चमकत नाही. त्याला विद्युतभारच नाही. क्वचित एखादा न्यूट्रिनो आदळतो, त्यातून इलेक्ट्रॉनसारखा भारित कण सुटतो आणि प्रकाश त्या कणामुळे पडतो.

चेरेन्कोव्ह प्रकाश तुम्हाला ठाऊक असेलच: पाण्यातल्या प्रकाशापेक्षा भारित कण वेगवान असला की निळसर प्रकाशाचा शंकू पडतो. ध्वनीपेक्षा वेगवान विमानाच्या दणक्याची उपमा सगळ्यांनी ऐकली आहे, पुन्हा देत नाही.

सिंटिलेशनमध्ये वेगाची अट नाही. कण जाताना द्रवातल्या रेणूंना ऊर्जा देतो आणि ते रेणू काही नॅनोसेकंदांनी ती प्रकाशरूपात सोडतात. खरा गोंधळ होतो तो इथे. रेणू प्रकाश सोडतो तेव्हा कण कुठून कुठे गेला याची त्याला काहीही खबर नसते, त्यामुळे प्रकाश चहूकडे सारखा फेकला जातो. कणाची दिशा पुसली जाते, उरते ती किती ऊर्जा सांडली याची नोंद. चेरेन्कोव्हचं उलट. शंकू कणाच्या दिशेला बांधलेला असतो, पाण्यात सुमारे ४२ अंशांवर, म्हणून भिंतीवर वलय उमटतं आणि त्यावरून दिशा काढता येते. याच जोरावर सुपर-कामिओकांडेने जमिनीखाली १,००० मीटरवरून न्यूट्रिनोंमधून सूर्याचं चित्र काढलं.

पण प्रकाश अगदी तुटपुंजा. एका एमईव्ही (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जेमागे सुपर-कामिओकांडेत सहाएक फोटोइलेक्ट्रॉन, म्हणजे संवेदकात प्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉन, मिळतात, जुनोत हजाराहून जास्त. म्हणून सूर्याच्या गाभ्यातले ०.४२ एमईव्हीच्या आतले पीपी न्यूट्रिनो (दोन प्रोटॉन एकत्र येताना सुटणारे) थेट मोजले ते इटलीच्या ग्रान सास्सोतल्या बोरेक्सिनो या सिंटिलेटरने, २०१४ मध्ये. पाण्याला ते झेपलं नसतं. ‘चांगला डिटेक्टर कोणता?’ हा प्रश्नच म्हणून मला पोकळ वाटतो. दिशा हवी असेल तर पाणी; कमी ऊर्जा नेमकी मोजायची असेल तर सिंटिलेटर, यात वादाला जागा नाही.

(जुनोचा गोल स्वतः पाण्याच्या तलावात बुडवलेला आहे आणि त्या पाण्यात वैश्विक किरणांतून येणारे म्युऑन नावाचे भारित कण चेरेन्कोव्ह प्रकाशावरून ओळखले जातात. गोंधळ वाढवायला एवढं पुरे.)

सिंटिलेटरमध्येही चेरेन्कोव्ह प्रकाश असतोच, फक्त सिंटिलेशनच्या लोंढ्यात बुडालेला. तो वेगळा काढता आला तर फायदा मोठा आहे. न्यूट्रिनोविरहित दुहेरी बीटा क्षय (अणुकेंद्रातून दोन इलेक्ट्रॉन निघतात पण न्यूट्रिनो एकही नाही, असा अजून न सापडलेला क्षय) शोधणाऱ्यांना सूर्यातल्या बोरॉन-८ च्या क्षयातून येणाऱ्या न्यूट्रिनोंचा त्रास होतो. या न्यूट्रिनोंनी उडवलेला एकटा इलेक्ट्रॉन ऊर्जेत हव्या त्या घटनेसारखाच दिसू शकतो. पण तो बहुधा सूर्यापासून दूर जाणाऱ्या दिशेला असतो. दिशा कळली की असे बरेचसे वगळता येतात.

वेगळं काढायच्या वाटा तीन. पहिली वेळेची: चेरेन्कोव्ह प्रकाश तत्क्षणी निघतो, सिंटिलेशन मागून येतं. एलएपीपीडी या २० सेंटिमीटर चौरस सपाट प्रकाशसंवेदकांना १०० पिकोसेकंदांच्या (नॅनोसेकंदाच्या दहाव्या भागाच्या) आतला फरक कळतो. अमेरिकेतल्या फर्मिलॅब प्रयोगशाळेच्या अ‍ॅनी या न्यूट्रिनो प्रयोगात ते बसवले आहेत. दुसरी रंगाची: डायक्रोइकॉन नावाचा शंकू लांब तरंगलांबीचा, म्हणजे चेरेन्कोव्हचं प्रमाण जास्त असलेला, प्रकाश निराळ्या संवेदकाकडे वळवतो. तिसरी द्रवाची: पाण्यात थोडासाच सिंटिलेटर मिसळायचा, म्हणजे लोंढा मुळातच लहान.

माझा कल वेळेकडे आहे. कॅनडाच्या स्नो-प्लस या सिंटिलेटर डिटेक्टरने द्रवात पीपीओ हे प्रकाश देणारं द्रव्य कमी असतानाच्या काळातल्या नोंदी वापरून एकेका सौर न्यूट्रिनो-घटनेची दिशा काढून दाखवली, तीही शुद्ध सिंटिलेटरमध्ये. पीपीओ कमी म्हणजे सिंटिलेशन संथ, आणि चेरेन्कोव्हला पुढे निसटायला सवड. पाणी मिसळण्यात मात्र सौदा आहे: दिशा सोपी होते, पण ऊर्जेची अचूकता घटते. ‘दोन्हींचे फायदे एकत्र’ असं लिहिणारे हे सांगत नाहीत. थिआ हा असा महाकाय संकरित डिटेक्टर अजून प्रस्तावातच आहे. बर्कलीची इऑस ही काही टनांची टाकी या सगळ्या युक्त्या एकत्र चालतात का ते तपासण्यासाठी बांधली आहे.