फोटो हललाय की फोकस चुकलाय?

पक्ष्याचा फोटो धूसर आला की आपण सरसकट म्हणतो, ‘ब्लर आला’. या एका शब्दात दोन अगदी वेगळे दोष येतात. कधी फोटो हललेला असतो, म्हणजे शटर उघडं असताना कॅमेरा तरी सरकतो नाहीतर पक्षी तरी. आणि कधी काहीच हललेलं नसतं, फक्त फोकस पक्ष्यावर न बसता पुढे-मागे कुठेतरी बसलेला असतो. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात.

दोष नेमका ओळखायलाच हवा, कारण एकाचं औषध दुसऱ्याला मारक ठरतं. फोटो हलतोय असं समजून तुम्ही ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र, मोठं केलंत आणि शटर स्पीड वाढवलात, तर स्पष्ट दिसणारा पट्टा, म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड, आणखी अरुंद होतो. फोकस आधीच चुकत असेल तर आता जास्तच चुकणार. उलट, फोकस सांभाळायचा म्हणून छिद्र लहान करत एफ/५.६ वरून एफ/११ वर गेलात, तर प्रकाश एक चतुर्थांश उरतो. ॲपर्चर प्रायॉरिटी मोडवर (ॲपर्चर आपण ठरवतो, शटर कॅमेरा) आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, ठरावीक ठेवलेला असेल, तर कॅमेरा शटर १/८०० सेकंदावरून १/२०० वर आणून ठेवतो आणि मान वळवणारी चिमणी पुसट होऊन जाते.

परसात पाण्याचं भांडं ठेवलं, त्यावर एक बुलबुल रोज सकाळी यायचा. त्याचे माझे सगळे फोटो मऊ यायचे. हात हलतोय म्हणून ट्रायपॉड लावला, शटर १/१६०० पर्यंत नेलं, काही फरक नाही. एके दिवशी त्यातलाच एक फोटो संगणकावर शंभर टक्के मोठा करून बघितला, तर भांड्याची मागची कड लख्ख दिसत होती. कडेला चिकटलेले पाण्याचे थेंबसुद्धा मोजता येत होते. बुलबुल मात्र त्या कडेच्या चार बोटं पुढे बसलेला. इतके दिवस मी नसलेल्या आजारावर इलाज करत होतो.

तेव्हापासून मी आधी डोळा बघतो. पक्ष्याच्या डोळ्यात आकाशाची एक बारीक चमक असते, आणि ती चांगल्या फोटोत टिंबासारखी दिसते. फोटो हलला असेल तर त्या टिंबाची रेघ होते, कधी स्वल्पविरामासारखी वळलेली. फोकस चुकला असेल तर रेघ होत नाही. टिंब सगळीकडून सारखं पसरतं आणि फिकट गोल ठिपका होतो. रेघेला दिशा असते, ठिपक्याला नसते. फोटो कितीही गोंधळात टाकणारा असो, मला पहिलं उत्तर इथेच मिळतं.

मग फांदी बघायची. फांदी आणि पक्षी एकाच दिशेने ओढल्यासारखे दिसत असतील तर कॅमेरा हलला. पायाखालची फांदी स्वच्छ आणि फक्त डोकं किंवा पंख पुसट, तर पक्षी हलला. आणि पक्षी मऊ, पण पुढचं पान किंवा मागची काटकी धारदार, तर फोकस तिकडे गेला. शंका उरलीच तर बर्स्टमधले, म्हणजे एका दमात सलग घेतलेले, फोटो ओळीने बघा. हलण्याचा दोष फोटोगणिक बदलतो, दहांत एखाददुसरा सुरेख निघतो. स्थिर बसलेल्या पक्ष्याचे दहाच्या दहा फोटो सारखेच मऊ असतील तर बहुतेक वेळा फोकसच चुकलेला असतो.

परसात फोकस इतका का चुकतो? जंगलापेक्षा इथे पक्षी जवळ असतो म्हणून. लांबच्या लेन्सने जवळचा पक्षी टिपताना तो पट्टा किती अरुंद होतो याचा अंदाज आधी येत नाही. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, ४०० मिमी लेन्स, एफ/५.६ आणि पाच मीटरचं अंतर धरलं तर पट्टा जेमतेम पाच सेंटिमीटरचा. तोच पक्षी तीन मीटरवर आला की पट्टा दोन सेंटिमीटरच्या आत. चिमणी शेपटीसकट साधारण पंधरा सेंटिमीटर भरते. ती आपल्याकडे तोंड करून बसली तर चोच स्पष्ट आणि डोळा मऊ असंही होऊ शकतं. म्हणून पक्षी आडवा बसलेला असताना फोटो घ्यायला मला आवडतं, सगळा पक्षी एकाच पट्ट्यात बसतो.

त्यात भर म्हणजे कॅमेऱ्याला फोकसची जागा स्वतः निवडू दिली तर तो बहुधा सर्वात जवळची ठळक वस्तू धरतो, म्हणजे आडवी आलेली काटकी. एकच छोटा फोकस पॉइंट निवडून तो डोळ्यावर ठेवा. कॅमेऱ्यात पक्ष्यांचा डोळा ओळखण्याची सोय असेल तर ती चालू करा, पण दाट पानांत तीही फसते. लेन्सचं किमान फोकस अंतरही तपासा, त्याच्या आत बसलेल्या पक्ष्यावर फोकस लागणारच नाही. खिडकीच्या काचेतून तिरका फोटो घेतला की सगळंच मऊ येतं. लेन्स काचेला टेकेल इतकी जवळ आणि सरळ धरा.

हलण्याचं गणित त्या मानाने सोपं आहे. हातात कॅमेरा धरून ४०० मिमी लेन्स वापरताना शटर निदान १/४०० हवं, हा जुना ठोकताळा. सेन्सर एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान, असेल तर १/६००. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन इथे मदत करतं, पण फक्त हाताच्या थरथरीला. पक्ष्याच्या हालचालीवर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही, ट्रायपॉडचाही नाही. दाणे टिपणाऱ्या चिमणीसाठी मी १/१००० च्या खाली जात नाही, उडणाऱ्या छोट्या पक्ष्यासाठी १/२००० किंवा त्याहून जास्त.

प्रकाश कमी पडला तर आयएसओ वाढवा, न घाबरता. दाणेदार फोटो नंतर बराच सुधारता येतो. पुसट झालेली पिसं परत आणता येत नाहीत.

तरीही दोष कुठला ते कळत नसेल तर पक्षी नसताना एक चाचणी घ्या. तो बसतो त्याच जागी त्याच्याएवढी एखादी खरखरीत वस्तू ठेवा, कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, दोन सेकंदांचा टायमर द्या. आता हलण्यासारखं काही उरलं नाही. फोटो स्वच्छ आला तर तुमची लेन्स आणि फोकस ठीक आहेत, दोष हालचालीत किंवा पॉइंट निवडण्यात आहे. मऊ आला तर फोकसच पुढे-मागे बसतोय. त्या वस्तूच्या शेजारची कुठली गोष्ट लख्ख दिसते ते शोधा, म्हणजे किती आणि कुठल्या बाजूला हे कळेल.

बुलबुलाच्या भांड्याशी मी हेच केलं. नंतरचा फोटो एफ/८, १/१०००, आयएसओ १६०० वर घेतला, एकच पॉइंट डोळ्यावर ठेवून. मागची कड आता विरघळलेली दिसते, चोचीच्या टोकाला एक थेंब लोंबतोय, आणि डोळ्यातली चमक अगदी टिंबाएवढी आहे.