कासव अंडी घालतं ते वेगळं, पिल्लं सुटतात ते वेगळं

फेब्रुवारी लागला की आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज ठरलेला: "शनिवार-रविवार वेळासला चाललोय, कासवं अंडी घालताना बघायला. कोण कोण येतंय?" ठाण्याला राहणारी माझी मावसबहीण हेच म्हणते, तिच्या ऑफिसातलेही हेच म्हणतात. दरवर्षी मी तेच उत्तर टाइप करते, म्हणून आता एकदाच सविस्तर लिहिते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या कासव महोत्सवात अंडी घालणारं कासव दिसत नाही. तिथे दिसतात ती अंड्यांतून निघून समुद्राकडे जाणारी पिल्लं. या दोन्हींत साधारण पंचेचाळीस ते साठ दिवसांचं अंतर असतं.

पिल्लांचं तुम्हाला माहीतच आहे, व्हिडिओ पाहिलेत. सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला कासवमित्र (कासवं राखणारे गावातले कार्यकर्ते) हॅचरीतल्या, म्हणजे अंडी जपायच्या कुंपणातल्या, टोपल्या उचलून बघतात, वर आलेली पिल्लं वाळूवर ठेवतात आणि ती स्वतःच्या पायांनी पाण्यापर्यंत जातात. आपण दोरीच्या अलीकडे उभं राहायचं. पिल्लू उचलून सेल्फी घ्यायचा नाही. ते अंतर त्याचं त्यालाच चालू द्यायचं.

खरा घोळ होतो तो आईच्या बाबतीत. कोकणात येणारी कासवं बहुतेक ऑलिव्ह रिडले जातीची. मादी साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये येते, बहुधा रात्री, आणि एकटी. कुठल्या रात्री, किनाऱ्यावर नेमकी कुठे, हे गावातल्या जाणत्या माणसालाही सांगता येत नाही. तिची वेळ नाही, तिकीट नाही, दोरी नाही. भरतीची रेघ ओलांडून ती कोरड्या वाळूत येते, मागच्या पायांनी सुरईच्या आकाराचा, दीडेक फूट खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते, आणि मग डावी-उजवीकडे अंग हेलकावत पोटाने ती वाळू ठोकून घट्ट बसवते. तासाभरात परत पाण्यात. पाण्यातून वर येत असताना तिला उजेड दिसला, हालचाल जाणवली, तर ती अंडी न घालताच फिरते.

हे मी वाळूवर उमटलेलं पाहिलंय. आम्ही उतरलो होतो त्याच घरी ठाण्याचं एक कुटुंब होतं. रात्री अकराला ते मोबाइलचे टॉर्च लावून "कासव शोधायला" किनाऱ्यावर गेले आणि दीड वाजता हिरमुसून परत आले. पहाटे साडेपाचला मी कासवमित्रांच्या मागे निघाले. पहिला माग दिसला तो घोड्याच्या नालासारखा: पाण्यातून वर दहा-बारा पावलं, वळण, आणि परत पाण्यात. मध्ये खड्डा नाही, उकरलेलं काही नाही. टॉर्चमुळेच ती फिरली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण त्या मागाच्या बाजूने बुटांचे ठसे लांबवर गेलेले होते.

दुसरा माग पुढे अर्ध्या मैलावर, ट्रॅक्टरचं चाक फिरल्यासारखा, थेट मर्यादवेलीपर्यंत, म्हणजे किनाऱ्याच्या कोरड्या वाळूत पसरणाऱ्या वेलीपर्यंत. तिथे वाळू विस्कटलेली. कासवमित्राने गुडघ्यांवर बसून हातानेच खोदायला घेतलं, आणि कोपरापर्यंत हात आत गेल्यावर पहिलं अंडं वर आलं. पिंगपाँगच्या चेंडूएवढं, पांढरं, ओलसर, बोटाने दबेल इतक्या मऊ कवचाचं. एकशे चार निघाली. ती लगेच हॅचरीत हलवायची असतात, कारण काही तासांनी आतला गर्भ कवचाला चिकटतो आणि मग अंडं फिरलं की तो मरतो. तिथेच ठेवली तर कोल्ही-कुत्री उकरतात, पूर्वी माणसंही नेत. हॅचरीत तेवढाच खोल, त्याच आकाराचा खड्डा करून अंडी ठेवली, वर टोपली पालथी घातली, शेजारी पाटी लावली: तारीख आणि अंड्यांची संख्या. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने वेळासला हे काम २००२ साली सुरू केलं.

म्हणून माझं ठाम मत: अंडी घालणारी मादी बघायला म्हणून कोकणात जाऊच नये. पिल्लं बघायला जा, आणि पहाटे कासवमित्रांची परवानगी घेऊन त्यांच्या मागून माग बघत चाला. मला तर पिल्लांपेक्षा ते चालणं जास्त आवडतं. ऑलिव्ह रिडलेला वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमध्ये, म्हणजे वाघाच्याच यादीत, संरक्षण आहे. वाघाच्या गुहेत कुणी टॉर्च घेऊन शिरत नाही.

हजारो कासवांनी भरलेल्या किनाऱ्याचा फोटो "आपलं कोकण" म्हणून फिरतो, तो ओडिशाचा असतो, गहिरमाथा किंवा ऋषिकुल्याचा. आपल्याकडे अशी सामूहिक वीण होत नाही. मात्र दोन्हीकडची कासवं अगदी परकीही नाहीत: ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. आणि "आई रडतेय" असं लिहून मादीच्या डोळ्यातल्या पाण्याचे फोटो कृपया टाकू नका. अंगातलं जादा मीठ ती डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून बाहेर टाकते, पाण्यात असतानाही.

आता जाण्याबद्दल. माणगाव, म्हाप्रळ, मंडणगड करत रात्रभर गाडी हाकण्याआधी राहण्याच्या घरी फोन करा. "कासवं आहेत का?" असं विचारलंत तर "आहेत" एवढंच उत्तर मिळेल. पाटीवरची तारीख विचारा. कुठल्या घरट्याला पन्नास दिवस होत आलेत ते कळलं, की त्या आठवड्यातला, शक्यतो शनिवार-रविवार टाळून, दिवस धरा.