पापणीच्या आतल्या बाजूची रांजणवाडी : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

पापणी आतून ठणकते, डोळा मिटताना काहीतरी टोचते, आणि आरशासमोर पापणी हलकेच ओढून पाहिली तर आतल्या अस्तरावर पिवळसर टोकाची लाल पुळी दिसते. ही बहुतेक वेळा आतली रांजणवाडी असते. अशा वेळी आमच्या औषधाच्या दुकानात पहिल्यांदा डोळ्यांत घालायचे थेंब मागितले जातात. आम्ही मात्र आधी विचारतो, शेक दिला का?

त्याला कारण आहे. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० बारीक तैलग्रंथी असतात. त्यांतील तेलामुळे अश्रू लवकर सुकत नाहीत. एखाद्या ग्रंथीचे तोंड तेल घट्ट होऊन बुजले आणि आत जंतूंचा, बहुधा स्टॅफिलोकॉकसचा, संसर्ग झाला की पू साठतो. वरून घातलेला थेंब बुजलेल्या ग्रंथीत फारसा पोहोचत नाही. उबेने मात्र तेल पातळ होते आणि पू वाहून जायला वाट मिळते.

हात धुऊन, स्वच्छ सुती कापड सोसवेल इतक्या गरम पाण्यात पिळून घ्यावे, मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहावे, आणि मिटलेल्या डोळ्यावर ५ ते १० मिनिटे ठेवावे. कापड दोनेक मिनिटांतच निवते, म्हणून ते पुन्हा पुन्हा गरम पाण्यात बुडवावे लागते. बहुतेकांचा शेक इथेच कमी पडतो. असा शेक दिवसातून तीन-चार वेळा द्यावा. त्यानंतर वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, म्हणजे केसांच्या दिशेने, बोटाने हळुवार चोळावी. पुळी पिळू नये, सुईने फोडू नये. संसर्ग आजूबाजूला पसरतो. बरे होईपर्यंत कॉन्टॅक्ट लेन्स व काजळ बंद ठेवावे आणि टॉवेल वेगळा वापरावा.

रांजणवाडी बहुधा एक-दोन आठवड्यांत बसते. कधी दुखणे थांबते पण कडक गाठ उरते. तिला कॅलेझियन म्हणतात. ती विरायला काही आठवडे, क्वचित महिनेही लागतात. न विरल्यास नेत्रतज्ज्ञ पापणी बधिर करून आतल्या बाजूने लहानसा छेद देतात, त्यामुळे बाहेर व्रण दिसत नाही.

प्रतिजैविक मलम डॉक्टरांनी सांगितले तरच घ्यावे. ते लावल्यावर काही वेळ धूसर दिसते, तेव्हा वाहन चालवू नये. घरात उरलेले स्टेरॉइडचे थेंब तर कृपया घालूच नयेत, कारण त्यांनी डोळ्यातील दाब वाढू शकतो.

सूज सगळ्या पापणीवर किंवा गालावर पसरली, ताप आला, नजर मंदावली किंवा डोळा फिरवताना दुखू लागले, तर शेकत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. गाठ त्याच जागी पुन्हा पुन्हा येत असेल किंवा तिथले पापणीचे केस गळत असतील, तर विशेषतः उतारवयात ती नेत्रतज्ज्ञांना दाखवावीच, कारण क्वचित ग्रंथीचा कर्करोगही असाच दिसतो.