‘समकालीन रंग’ म्हणजे नेमक्या कोणत्या काळातले?

फुलपाखरं आणि पतंगांवरचे जुने सचित्र ग्रंथ लिलावात आले की यादीत एक शब्द हमखास दिसतो : ‘समकालीन रंग’, म्हणजे ग्रंथ निघाला त्याच काळात भरलेले. किंमत बरीचशी या शब्दावर ठरते, आणि भांडणंही त्यावरूनच होतात.

मूळ आहे अठराव्या शतकातल्या छपाईत. चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरून काळ्या शाईत छापायचे आणि रंग मग हातानं भरायचे, एकेका प्रतीत. चित्रकर्ती मारिया सिबिला मेरियनचा, सुरीनाममधल्या कीटकांवरचा 1705 चा ॲमस्टरडॅमचा ग्रंथ घ्या. 60 चित्रं, रंगीत प्रत हवी की बिनरंगी, ते गिऱ्हाइकानं ठरवायचं. काही प्रती तर उलट ठशाच्या : ताज्या, ओल्या छापावर दुसरा कागद दाबून घेतलेल्या. रेषा फिकट येत असल्यानं रंगवल्यावर चित्र हातानंच काढल्यासारखं वाटे. 1719 च्या आवृत्तीत चित्रं 72 झाली, पण मेरियन दोन वर्षांपूर्वीच वारली होती. तेव्हा भरलेले रंगही समकालीनच, पण तिच्या नजरेखालचे नव्हेत. यादीत दोन्हींना शब्द एकच.

खरी गोची बिनरंगी प्रतींची. मालकांनी त्या पुढे केव्हाही रंगवून घेतल्या, 10 वर्षांनी काय नि 150 वर्षांनी काय. केव्हा, याचा सुगावा रंगच देतात. तांब्यापासूनचा जुना हिरवा रंग कागद खातो आणि पानामागे तपकिरी उमटतो. शिशाचा पांढरा काळवंडतो. टायटॅनियमचा पांढरा सापडला, तर ब्रश विसाव्या शतकात फिरला. ती नुसती डागडुजी असेल, असं विक्रेते लगेच म्हणतात, आणि कधीकधी ते खरंही असतं. पण शंका असताना ‘समकालीन’ छापणं ही बनवाबनवीच.

पुढे शिळाछाप, म्हणजे दगडावर चित्र काढून छापायची पद्धत, आली, कोरण्याचे कष्ट वाचले. रंग मात्र बराच काळ हातानंच भरले जात. रंगीत शिळाछापीचं पेटंट 1837 चं.

आता स्कॅन केलेल्या प्रती घरबसल्या पाहायला मिळतात, त्यामुळे मजकुरासाठी ग्रंथ विकत घ्यायची गरज उरली नाही. रंगांचा वाद उलट वाढला. 1775 ते 1782 दरम्यान निघालेल्या, 400 चित्रांच्या डच ग्रंथात कितीतरी जातींना पहिल्यांदा नावं मिळाली. ज्यांच्यावरून ती नावं दिली, ते अनेक मूळ नमुने, म्हणजे प्रत्यक्ष कीटक, आज हाती नाहीत. अशा जातींसाठी चित्र हाच आधार. आणि तेही हातानं रंगवलेलं, म्हणजे दोन प्रतींत एकाच पंखाची छटा वेगळी. यातली कोणती प्रत प्रमाण मानायची?