टेस्टचं फोल्डर लाइव्हवर टाकण्याआधी हे वाचा

मार्केट यार्डातल्या बेदाण्याच्या आणि हळदीच्या पेढ्या असोत की मिरज-तासगावची दुकानं, प्रत्येक ग्राहकाला आम्ही दोन वेबसाइट देतो: एक टेस्टची, म्हणजे बदल आधी तपासून बघायची, आणि एक लाइव्ह, म्हणजे गिऱ्हाइकं वापरतात ती खरी. कोड दोन्हीकडे एकच. डेटाबेस कुठला, पेमेंटची की (पेमेंट कंपनी साइटला देते तो ओळख-कोड) कुठली, एसएमएस खरे जायचे की नाही, एवढंच वेगळं असतं. हे सगळं ‘डॉट ईएनव्ही’ नावाच्या छोट्या फाइलीत लिहिलेलं असतं आणि ही फाइल ज्या त्या साइटची वेगळी असते.

घोटाळा होतो तो इथे. टेस्टवर नवीन पान छान दिसलं की ऑफिसमधलं कुणीतरी घाईने पूर्ण फोल्डर उचलून लाइव्हवर टाकतं. कोडबरोबर ती फाइलही जाते. साइट बंद पडत नाही, चांगली चालताना दिसते, म्हणून दोन दिवस कुणाला पत्ता लागत नाही. गिऱ्हाईक पाच किलो बेदाण्याची ऑर्डर टाकून नेटबँकिंग निवडतं. बँकेच्या पानाऐवजी ‘सक्सेस’ आणि ‘फेल्युअर’ अशी दोन बटणं असलेलं नकली पान येतं. त्याने सक्सेस दाबलं की ऑर्डर ‘पेड’ दिसते, खात्यात मात्र रुपया येत नाही. वर ती ऑर्डर टेस्टच्या डेटाबेसमध्ये जाऊन बसते. मग चाचणीच्या नोंदींतून खऱ्या ऑर्डर निवडून परत लाइव्हला घालायच्या, प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन करायचा. आमचा वेळ जातो आणि तुमचं नाव खराब होतं.

ऑनलाइन पैसे घ्यायला रेझरपे ही सेवा वापरत असाल तर पेमेंटची की बघा: ‘आरझेडपी’नंतर ‘टेस्ट’ असेल तर ती चाचणीची, ‘लाइव्ह’ असेल तर खरी. लाइव्हच्या फाइलीत ‘ॲप डीबग’ (चुकीचा तपशील पानावर दाखवणारी सेटिंग) नेहमी ‘फॉल्स’ हवं, नाहीतर एरर आल्यावर साइटच्या आतली माहिती परक्या माणसाला दिसते. आणि फाइल हाताने बदलूनही फरक पडला नाही, तर साइट बिघडलेली नाही. साइट ज्यावर बांधलेली आहे ते लाराव्हेल जुनी सेटिंग कॅशमधून, म्हणजे आधी साठवलेल्या प्रतीतून, वाचतं. कॉन्फिग कॅशची कमांड पुन्हा चालवावी लागते.

‘साइट आमची, मग लाइव्हचे पासवर्ड व्हॉट्सॲपवर का देत नाही?’ असं बरेच जण विचारतात. पासवर्ड तुमचेच आहेत, मालकांनी ऑफिसात येऊन केव्हाही घ्यावेत. पण ग्रुपवर टाकलेला पासवर्ड नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या फोनमध्येही राहतो. कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्येही आम्ही पासवर्ड असलेली ‘डॉट ईएनव्ही’ फाइल ठेवत नाही, कारण तिथून नंतर काढली तरी जुन्या नोंदीत ती सापडते. पासवर्ड किंवा पेमेंटची की एकदा बाहेर गेली, तर ती बदलण्याशिवाय इलाज नसतो.

एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) असलेल्यांचे बदल लाइव्ह करायचं काम आम्हीच करतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. आधी डेटाबेसचा बॅकअप, मग फक्त कोड, आणि शेवटी एका रुपयाचं खरं पेमेंट करून बघतो. एएमसी नसेल तरी फोल्डर हलवण्याआधी फोन करा, ते काम आम्ही तेवढ्यापुरतंही करून देतो. दिवाळीच्या ऑर्डर सुरू होण्याआधी काही बदल हवे असतील तर नवरात्रापूर्वी ईमेलवर कळवा.