बनियन ओलं, लेकरू गार

मराठवाड्याची थंडी दिवसभर टिकत नाही. समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसा तापलेल्या जमिनीची उष्णता रात्री सरळ वर निघून जाते. म्हणून परभणीत डिसेंबरात पहाटे पारा 10 अंशांखाली आणि दुपारी 28 च्या घरात, असे दिवस येतातच. लेकरू मात्र पहाटे चढवलेल्या स्वेटरातच दुपारी खेळत असतं.

घरातली वाकळ बघा. जुन्या लुगड्यांचे थर आणि वरून धावदोरा. ऊब असते ती थरांत अडकलेल्या हवेची. स्थिर हवेतून उष्णता फार हळू जाते, पाण्यातून तिच्या 20 पटींहून जास्त वेगाने. म्हणून एका जाडजूड स्वेटरापेक्षा बनियन, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि वर पातळ स्वेटर बरा. ऊन चढेल तसा एकेक थर उतरवता येतो. मोटारसायकलच्या टाकीवर बसवलेल्या लेकराची गोष्ट वेगळी. विणीच्या स्वेटरातून वारा आरपार जातो आणि आतली उबदार हवा पळवतो. तिथे वरून वारा अडवणारं जॅकेटच हवं.

तान्ह्या बाळाला मोठ्यांसारखी हुडहुडी भरत नाही. त्याच्या मानेभोवती, दोन्ही खवाट्यांच्या मध्ये तपकिरी चरबी असते. ती जाळून ते ऊब तयार करतं. शिवाय बाळाच्या अंगावरच्या एकूण त्वचेचा जवळपास पाचवा हिस्सा एकट्या डोक्याचा, मोठ्यांत तो दहाव्याच्या आसपास. कुंची शिवणाऱ्या बायांना हा हिशोब कुणी सांगितला नव्हता, पण कापड त्यांनी बरोबर तिथेच लावलं! घरात झोपवताना मात्र टोपडं काढावं. जास्तीची उष्णता बाहेर टाकायची बाळाची वाटही डोकंच आहे. (आमच्या घरात यावर दर हिवाळ्यात वाद होतो.)

हात गार लागले की आजी आणखी एक दुपटं टाकते. पण आतली ऊब राखायला शरीर हातापायांचा रक्तपुरवठा आधी कमी करतं, त्यामुळे गार तळहातावरून काही ठरत नाही. मानेच्या मागे बोटं लावा. उबदार आणि कोरडी असेल तर ठीक, ओली असेल तर एक थर उतरवा. छाती-पोटही गार आणि बाळ मलूल, दूध ओढत नाही, तर त्याला छातीशी धरून तडक डॉक्टर गाठा. बंद खोलीत कोळशाची शेगडी नकोच. तिच्या विषारी वायूला वास नसतो.

माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने घामाने भिजलेलं बनियन अंग गार करतं. संध्याकाळी पुन्हा स्वेटर चढवण्याआधी लेकराच्या पाठीवरून आत हात घाला. बनियन दमट लागलं तर आधी ते बदला.