मार्टेन आणि फिशर : हिवाळी सापळे व त्यांची मांडणी

कॅनडा, अलास्का आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात मार्टेन व फिशर या दोन प्राण्यांना त्यांच्या केसाळ कातड्यासाठी (फर) पकडण्याची पद्धत. दोघेही पाणमांजराच्या, म्हणजे मस्टेलिडी, कुळातले. मार्टेन जेमतेम अर्धा ते दीड किलोचा. फिशरचा नर साडेतीन ते साडेपाच किलो भरतो, मादी दोन-अडीच किलो. नाव फिशर असले तरी तो मासेमारीच्या वाटेला जात नाही. त्याची ख्याती आहे ती साळिंदर मारण्याची. मार्टेनची भावंडे भारतातही आहेत : हिमालयात व ईशान्येत पिवळ्या गळ्याचा मार्टेन, पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात निलगिरी मार्टेन. महाराष्ट्राच्या सह्याद्रीत मात्र तो नाही, त्यामुळे मराठीत त्याला रुळलेले नावही नाही. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा शिकारीला बंदी आहे.

मार्टेन सापळ्यात येईल की नाही, ही चिंता फारशी कुणाला नसते. तो धीट, खादाड आणि भलताच चौकस; मांसाचा वास आला की बघायला येणारच. सापळा निवडायचा तो पुढच्या काळाचा विचार करून. प्राणी अडकल्यापासून सापळेकरी तिथे पोहोचेपर्यंत काही दिवस जाऊ शकतात. तेवढ्यात बर्फ पडतो, सापळा गोठतो, उंदीर-चिचुंद्री कातडे कुरतडतात, कधी भलताच प्राणी येऊन अडकतो. निवडीचे बहुतेक नियम या चार गोष्टींतून निघाले आहेत.

जुना सापळा पाय धरणारा, पोलादी जबड्यांचा होता. त्यात प्राणी जिवंत राही आणि थंडीत तासन्‌तास तडफडे. फ्रँक कॉनिबेअर हा कॅनडाच्या उत्तरेत सापळे लावणारा माणूस. त्याने दोन चौकोनी चौकटी एकमेकींत फिरवून मान किंवा छाती आवळणारा सापळा तयार केला. १९५०च्या दशकाच्या अखेरीस तो बाजारात आला आणि जंगलाची रीतच पालटली. त्याचे आकार आजही आकड्यांनीच ओळखले जातात. मार्टेनला १२० : सुमारे ५ इंचांची चौकट, दोन्ही बाजूंना स्प्रिंग. ११० चे तोंड तेवढेच असले तरी स्प्रिंग एकच, म्हणून ताकद कमी. फिशरला १६० किंवा २२०, म्हणजे ६ ते ७ इंच; काही जोरकस १२० देखील चालतात. मोठा घ्यावा म्हणजे निर्धास्त, हा हिशेब इथे चुकतो. मोठ्या चौकटीत लहान प्राणी मानेऐवजी पोटावर आवळला जातो, आणि मरण लांबते.

मरण किती लांबावे, हेही आता कागदावर आहे. युरोपीय संघ, कॅनडा व रशिया यांच्यात १९९०च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या करारानुसार मार्टेन १२० सेकंदांत कायमचा बेशुद्ध व्हायला हवा, फिशरसाठी मर्यादा ३०० सेकंदांची. किमान १२ प्राण्यांपैकी ८० टक्के या वेळेत बेशुद्ध झाले तरच सापळा उत्तीर्ण. कॅनडात प्रमाणित सापळ्यांची यादी निघते आणि सापळेकऱ्याला तीतूनच निवड करावी लागते. प्राणिप्रेमींना १२० सेकंदही फार वाटतात; त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

मांडणीचे दोन प्रकार मुख्य. पहिली तिरप्या खांबाची. मनगटाहून जाड, दोन-तीन मीटर लांबीचा ओंडका झाडाला टेकवायचा. वरच्या टोकाजवळ खाच पाडून सापळा उभा बसवायचा आणि त्याच्या पलीकडे खोडाला आमिष ठोकायचे : बीव्हर या पाण्याकाठच्या कुरतडणाऱ्या प्राण्याचे मांस, मासा, नाहीतर रानकोंबडीसारख्या ग्राउज पक्ष्याचा पंख. वर स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या डहाळ्या टाकल्या की कावळे-डोमकावळ्यांना आमिष दिसत नाही आणि ताजा बर्फ चापावर साचत नाही. मार्टेन खांबावरून खारीसारखा चढतो, वाटेतली चौकट ओलांडायला जातो, चापाची तार हलते. झटक्याने तो खांबाखाली लोंबतो आणि साखळीला टांगून बर्फाच्या वर अधांतरी राहतो. उंदरांचे दात तिथे पोहोचत नाहीत. आमिषाखेरीज थोडा वासाचा लेपही लागतो. स्कंक या दुर्गंध सोडणाऱ्या प्राण्याचा उग्र वास कडाक्याच्या थंडीतही दूरवर जातो, आणि लेप लावणाऱ्याच्या हातमोज्यांतूनही लवकर जात नाही.

दुसरी मांडणी लाकडी पेटीची. पुढून उघडी पेटी झाडावर माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर ठोकतात. आमिष मागे, सापळा तोंडाशी, स्प्रिंगांसाठी बाजूंना खाचा. पेटी वाहून नेणे हा त्रास, पण छप्पर असल्याने सापळा कोरडा राहतो आणि पक्षी आत शिरत नाहीत. उंची ठरवताना मोसमाच्या शेवटी बर्फ किती चढेल ते धरावे लागते. नोव्हेंबरात छातीशी असलेली पेटी फेब्रुवारीत गुडघ्याशी येते. सापळे ऊबदार झोपडीत ठेवत नाहीत, कारण गरम लोखंडावर पडलेला बर्फ विरघळतो आणि पुन्हा गोठून चाप जाम करतो. उणे तीसमध्ये हातमोजे घालून १२० चढवणे हे बोटांशी खेळणेच. म्हणून स्प्रिंग दाबायला चिमटे वापरतात.

मोसम बहुतेक ठिकाणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान. डिसेंबरच्या आसपास केस सर्वांत दाट असतात, पुढे घासून विरळ होतात. फिशरमध्ये गंमत अशी की मादीचे कातडे लहान असूनही रेशमी असल्यामुळे बराच काळ नरापेक्षा महाग विकले गेले. जिच्यावर पुढची पिढी अवलंबून, तिलाच जास्त भाव. मार्टेन आणि फिशर दोघांच्याही मादीचे मीलन व प्रसूती यांत बरेच महिने जातात, कारण गर्भ दीर्घकाळ गर्भाशयात रुजत नाही. म्हणजे हिवाळ्यात मेलेली मादी वसंतातली पिल्लेही घेऊन जाते. त्यामुळे मोसमात सापडलेल्यांत प्रौढ माद्या किती आणि पहिल्याच वर्षातली पिल्ले किती, यावर वनखाते लक्ष ठेवते. पिल्लांचा वाटा घटू लागला तर मोसम आखडता घेतात.

चुकून अडकणाऱ्यांचा प्रश्न आणखी किचकट आहे. अमेरिकेच्या मेन राज्यात संरक्षित लिंक्स (एक रानमांजर) अशा सापळ्यांत मेल्यानंतर सापळ्यांभोवती लिंक्सचे डोके पोहोचू नये अशी बंदिस्ती सक्तीची झाली. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात तर फिशरच रोडावला, पण तिथे मार्टेनची शिकार चालू आहे आणि दोघांचे आमिष एकच. त्यावर तोडगा निघाला तो पेटीच्या तोंडाचा : भोक इतके अरुंद करायचे की मार्टेनचे डोके आत जावे आणि फिशर बाहेरच राहावा.